गाडी उसनी, जबाबदारी आपलीच

उसनवारी हा आपल्या मध्यमवर्गीय संसारातला फार जुना आणि मोठा जिव्हाळ्याचा व्यवहार आहे. वाटीभर साखर, लग्नकार्यासाठी मोठी पातेली आणि सतरंज्या, अचानक आलेल्या पाहुण्यांसाठी दोन जादा गाद्या, अशा घेण्यादेण्यावरच आपल्या मागच्या पिढ्यांनी शेजारधर्म उभा केला. शेतीवाडीत हाच व्यवहार सावड आणि इर्जिक या नावांनी चालत असे. ज्याने दुसऱ्याची बैलजोडी कामाला नेली, त्याने ती चारापाणी करून, वेळेवर आणि धडधाकट परत आणून बांधावी, हा संकेत होता. त्यासाठी कागद नव्हता की सहीशिक्का नव्हता. पण नियम मात्र सर्वांना ठाऊक होते आणि ते मोडणाऱ्यास पुढच्या हंगामात बैल मिळत नसत.

आज या उसनवारीच्या यादीत मोटारगाडीची भर पडली आहे. परंतु बैलजोडीचे नियम मात्र गाडीबरोबर आले नाहीत. गाडी मागणारा संकोचाने मागतो, देणारा भिडेने देतो, आणि दोघेही एकमेकांना एकही प्रश्न विचारत नाहीत. विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, अशी आपली समजूत झाली आहे. माझ्या मते हीच समजूत घातक आहे. मित्राला गाडी देणे यात गैर काही नाही. गैर आहे ते काही न विचारता देणे आणि काही न सांगता नेणे. या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणा सर्व डॉक्टर मित्रांपुढे आणि समाजबांधवांपुढे हा विषय थोडा सविस्तर मांडावा, असे वाटले.

आपल्या सांवेरला तर हा प्रश्न विशेष लागू पडतो. आपले गाव इंदूर आणि उज्जैन यांना जोडणाऱ्या रस्त्यावर, दोन्ही शहरांच्या मधोमध वसलेले. मुलांची शिकवणी, लग्नाची खरेदी, तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला, रेल्वे आणि विमान या सगळ्यांसाठी इंदूर गाठावे लागते. पुण्या-नागपूरहून नातेवाईक आले की उलट्या हनुमानाचे दर्शन घेऊन पुढे महाकालेश्वराला जाण्याचा बेत ठरतोच. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल लोकाचे उद्घाटन झाल्यापासून या रस्त्यावरची वर्दळ किती वाढली, हे आपण रोज पाहतो. २०२८ च्या सिंहस्थाच्या तयारीत हा रस्ता सहापदरी करण्याच्या कामाचे भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. रस्ता रुंद झाला की वेग वाढतो, आणि वेग वाढला की चुकीची किंमतही वाढते. अशा रस्त्यावर परक्या हाती आपली गाडी सोपवताना दोन शब्द बोलावेत, यात वावगे काय?

घोड्याचा कायदा आणि आपली गाडी

उसन्या वस्तूविषयी आपल्या देशात कायदा नाही, असे अनेकांना वाटते. वास्तविक भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा आहे आणि त्यात उसन्या वस्तूंचा विचार अतिशय बारकाईने केलेला आहे. त्या काळी मोटारगाडी नव्हती, म्हणून कायदा करणाऱ्यांनी उदाहरणे घोड्याची घेतली. ती आजही वाचण्यासारखी आहेत.

त्यातले कलम १५० देणाऱ्यासाठी आहे. आपल्या वस्तूत असा काही दोष आहे की ज्यामुळे नेणाऱ्याला जास्तीचा धोका संभवतो, आणि तो दोष आपल्याला ठाऊक आहे, तर तो सांगितलाच पाहिजे. घोडा बिथरणारा आहे हे माहीत असून मालकाने सांगितले नाही, घोडा उधळला आणि स्वार पडून जखमी झाला, तर भरपाईची जबाबदारी मालकाची. आता घोड्याच्या जागी आपली गाडी ठेवून पाहा. ब्रेक पूर्ण दाबल्याशिवाय लागत नाहीत, डाव्या बाजूचा मागचा टायर गुळगुळीत झाला आहे, पावसात काचेवरचा वायपर नीट फिरत नाही. या सगळ्या खोडी आपल्या अंगवळणी पडलेल्या असतात. त्यामुळे त्या आपल्याला खोडी वाटतच नाहीत. मित्राला मात्र त्या अंधारात, समोरून ट्रक येत असताना प्रथमच कळतात.

कलम १५१ नेणाऱ्यासाठी आहे. सामान्य समंजस मनुष्य स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी उसन्या वस्तूची घेतली पाहिजे. कलम १५४ त्याहून कडक आहे. ज्या कामासाठी वस्तू नेली, त्याहून वेगळ्या कामासाठी ती वापरली तर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी नेणाऱ्याची. इथेही उदाहरण घोड्याचेच आहे. एकाने मित्राला स्वतःच्या स्वारीसाठी घोडा दिला. मित्राने तो घरातल्या दुसऱ्या माणसाला दिला. त्या माणसाने घोडा सांभाळून चालवला, तरीही घोडा अडखळून पडला. दोष कोणाचाच नाही, तरी भरपाई मित्रानेच द्यायची. कारण त्याने परवानगीबाहेर घोडा दुसऱ्याच्या हाती दिला.

आपल्याकडे उसनी गाडी किती हातांत फिरते, याचा विचार या उदाहरणाच्या उजेडात अवश्य करावा. गाडी मागितली मित्राने, चालवली त्याच्या मेहुण्याने, आणि परत येताना पेट्रोल भरायला नेली मेहुण्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने! मालकाला यातले काहीच ठाऊक नसते. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याला जे कळले, ते आपल्याला भिडेपोटी उमगत नाही.

किल्ली देणाऱ्याची जबाबदारी

मोटार वाहन अधिनियम १९८८ सालचा. त्यातील कलम ५ नुसार ज्याच्याकडे वैध वाहन परवाना नाही, किंवा ज्याचे वय बसत नाही, अशा व्यक्तीला गाडी चालवू देणे हा मालकाचा स्वतःचा अपराध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८० मध्ये यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विनापरवाना चालवणाऱ्यावर कलम १८१ खाली वेगळी कारवाई होते ती निराळीच. म्हणजे, मी फक्त किल्ली दिली, चालवली त्याने, हा बचाव कायद्यापुढे टिकत नाही.

गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती दिली तर परिणाम फार गंभीर होतात. २०१९ मध्ये नव्याने आलेल्या कलम १९९ अ नुसार पालक किंवा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला ठाऊक नव्हते, किंवा आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याचे ओझेही पालकावर आणि मालकावरच टाकलेले आहे.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगर भागात घडलेली घटना आपण विसरलेलो नाही. सतरा वर्षांचा मुलगा घरची महागडी मोटार चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. त्या मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. ती दोन्ही मुले आपल्या मध्य प्रदेशातली, एक उमरियाचा आणि एक जबलपूरची. नोकरीसाठी पुण्याला गेलेली लेकरे अशी परत आली, तेव्हा इथल्या कितीतरी आईबापांच्या काळजात चर्र झाले. कारण आपल्यापैकी अनेकांचीही मुले पुण्यातच आहेत. या प्रकरणाचा दुसरा भाग आपल्या व्यवसायाला लाजिरवाणा आहे. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील दोन डॉक्टरांना त्याच महिन्यात अटक झाली. आरोप सिद्ध होणे न होणे हे न्यायालयाचे काम. परंतु गाडीची किल्ली एका चुकीच्या हातात गेली की ती किती घरांपर्यंत आणि किती टेबलांपर्यंत पोहोचते, हे या एका घटनेने दाखवून दिले.

विम्याचे छत्र कोणाच्या डोक्यावर?

गाडीचा विमा आहे ना, मग काळजी कसली, हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागातच धोका दडलेला आहे.

खरा भाग असा की आपल्या संमतीने गाडी नेणाऱ्या मित्राकडे वैध परवाना असेल, तर त्याच्या हातून रस्त्यावरच्या तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेची भरपाई सामान्यतः आपल्याच पॉलिसीतून होते. परवाना नसेल, तरीही पीडितांना विमा कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि नंतर ते मालकाकडून वसूल करावेत, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या एका प्रसिद्ध निर्णयात दाखवला. मालकाने परवान्याची शहानिशा करण्यात हयगय केली का, हा प्रश्न अशा वेळी कळीचा ठरतो. म्हणून मित्राचा परवाना एकदा डोळ्यांखालून घालणे हा अपमान नसून ते आपले कर्तव्य आहे.

आता दुसरा भाग पाहू. इरकली लुगड्यांसाठी आपल्या घराघरांत ज्या गावाचे नाव पोहोचले, त्या कर्नाटकातील इलकल गावाजवळची ही हकीकत. एक गृहस्थ ओळखीच्या माणसाची मोटारसायकल मागून घेऊन आपल्या गावी निघाला होता. पुढे लोखंडी पत्रे लादलेली बैलगाडी चालली होती. ती अचानक थांबली आणि मोटारसायकल तिच्यावर आदळली. दवाखान्यात नेता नेता त्याचा मृत्यू झाला. घरच्यांनी दोष सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या कलम १६३ अ खाली मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे दावा केला. मे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निर्णय देताना म्हटले की, जो मालकाची गाडी मागून नेतो, तो त्या वेळेपुरता मालकाच्याच जागी उभा राहतो. आणि मालक स्वतःच्याच गाडीविरुद्ध या कलमाखाली दावा करू शकत नाही. अन्य कायदेशीर मार्गांचा विचार करण्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत गेले, परंतु या मार्गाचे दार मात्र बंद झाले.

जानेवारी २०२० मध्ये राजस्थानातील एका प्रकरणात न्यायालयाने हेच सूत्र पुन्हा सांगितले. तेथेही मोटारसायकल मागून नेलेली होती आणि चूक समोरच्या गाडीची होती. परंतु दावा मात्र समोरच्या गाडीवर न करता उसन्या गाडीच्या विमा कंपनीवर केला गेला. कुटुंबाच्या पदरी पॉलिसीतील करारानुसार केवळ एक लाख रुपये पडले. ते जुने कलम १ एप्रिल २०२२ पासून जाऊन त्याच्या जागी कलम १६४ आले, रकमा बदलल्या. तरी या निर्णयांतला व्यवहारी बोध जुना होत नाही. उसनी गाडी चालवणारा माणूस आपल्या जिवाची हमी मित्राच्या पॉलिसीत शोधू लागला, तर ती तेथे सापडेलच असे नाही.

पॉलिसीत जो अनिवार्य वैयक्तिक अपघात विमा असतो, तो मालक-चालकाचा असतो. म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आणि पॉलिसी आहे, त्याच व्यक्तीचा. २०१८ पासून त्याची रक्कम १५ लाख रुपये झाली. मालक गाडी चालवत असेल तर त्याच्या कुटुंबाला हा आधार आहे. मित्र चालवत असेल तर तो आधार गृहीत धरता येत नाही. ज्याला वारंवार दुसऱ्याची गाडी चालवावी लागते, त्याने स्वतःच्या नावाने स्वतंत्र अपघात विमा घेणे हाच त्यावर शहाणपणाचा उपाय आहे.

गाडीत बसणाऱ्यांचाही विचार करावा. पॅकेज पॉलिसी असेल तर खासगी मोटारीतील प्रवाशांना तिचे संरक्षण आहे, असा खुलासा विमा नियामकाने नोव्हेंबर २००९ मध्ये केला होता. परंतु केवळ थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर ते संरक्षण आहे असे मानून चालू नये. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसोबत तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र अनेकांनी एकच वर्षाचा घेतलेला असतो. तो संपून गेलेला असतो आणि मालक विमा आहे म्हणून निश्चिंत असतो. शिवाय खासगी मोटार भाड्याने देण्यास पॉलिसीत मनाई असते. म्हणून मित्राकडून पेट्रोलखेरीज वर काही रक्कम घेऊन गाडी देणे म्हणजे स्वतःच्या हाताने विम्याचे छत्र मिटवणे होय. आणि मित्राच्या हातून गाडी ठोकली जाऊन दावा करावा लागला, तर सलग पाच वर्षे दावा न केल्याने ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेला आपला नो क्लेम बोनस जातो. हे नुकसान कोणी भरून द्यायचे, याची चर्चा अपघातानंतर करण्यापेक्षा आधी केलेली बरी.

आपण डॉक्टर आहोत, हे विसरू नये

इथपर्यंतचा विचार कोणत्याही मालकाला लागू आहे. परंतु आपल्यावर एक जास्तीची जबाबदारी आहे, आणि तीच या लेखाचा गाभा आहे.

गाडी मागणाऱ्याविषयी इतर मालकांना जे ठाऊक नसते, ते आपल्याला ठाऊक असते. मित्राला झटके येतात आणि गेल्या महिन्यात त्याने गोळ्या चुकवल्या, हे आपल्याला माहीत असते. इन्सुलिन घेणाऱ्या शेजाऱ्याची साखर दुपारी जेवण लांबले की एकदम खाली येते, हेही आपण पाहिलेले असते. कोणाला झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे आणि तो दिवसा बसल्या जागी डुलक्या घेतो, कोणाच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया राहिली आहे, कोणी सर्दीसाठी झोप आणणारी गोळी आपल्याच चिठ्ठीवर घेतली आहे, हे सारे आपल्या नोंदवहीत असते. अशा माणसाला आपण डॉक्टर म्हणून सल्ला देतो आणि मित्र म्हणून किल्ली देतो. हे दोन वेगळे मनुष्य आहेत काय? रुग्णाची गोष्ट चारचौघांत बोलू नये हे खरेच. परंतु ती त्याच्याशी एकांतात बोलण्यास कोणी मना केलेले नाही. तुझी प्रकृती पाहता आज तू चालवू नकोस, मी ड्रायव्हर देतो, हे वाक्य वैद्यकीय सल्ल्याइतकेच मोलाचे आहे.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. वाहन परवान्यासाठी चाळिशी उलटलेल्या अर्जदारांना आणि व्यावसायिक वाहनचालकांना फॉर्म १ अ वर डॉक्टरची सही लागते. ही सही आपल्यापैकी किती जण डोळ्यांचा तक्ता न दाखवता, ऐकू येण्याची तपासणी न करता, फिट येते का हा साधा प्रश्न न विचारता करतात, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे. आपण मित्राच्या परवान्यावर विश्वास ठेवून त्याला गाडी देतो, तेव्हा खरे म्हणजे कोणा एका डॉक्टरच्या सहीवर विश्वास ठेवत असतो. ती सहीच पोकळ असेल, तर सगळी साखळी पोकळ ठरते.

तिसरी गोष्ट अपघातानंतरची. गाडी एकाची, चालवणारा दुसरा, आणि परवाना तिसऱ्याकडे, असे झाले की एक कुजबूज सुरू होते. चालवत कोण होते असे सांगायचे? पगारी ड्रायव्हरचे नाव पुढे करायचे का? अशा वेळी ओळखीचा डॉक्टर म्हणून आपल्याकडे शब्द टाकला जातो. केस पेपरवर हकीकत थोडी फिरवून लिहा, वास येत होता हे लिहू नका, वेळ अर्धा तास पुढेमागे करा. ज्या मैत्रीपोटी किल्ली दिली, तीच मैत्री आता सही मागते. इथे आपण ठाम राहिलेच पाहिजे. जखमी माणसाने जे सांगितले ते आणि आपण जे पाहिले तेच लिहायचे. कलम १३३ नुसार पोलिसांनी विचारल्यास चालकाचे नाव, पत्ता आणि परवान्याची माहिती देणे मालकाला बंधनकारक आहे. खोटे नाव पुढे केल्याने मित्र वाचत नाही. एक निरपराध ड्रायव्हर मात्र अडकतो.

आणखी एक तपशील आपल्या व्यवसायाशी निगडित आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत डॉक्टरांसाठी ती मर्यादा दोन वर्षांची आहे. परंतु ही सवलत वैद्यकीय उपचार करताना घडलेल्या कृत्यापुरतीच आहे. स्टीयरिंगमागे बसलेला डॉक्टर कायद्याच्या दृष्टीने केवळ चालक असतो.

मग अडीनडीला काय करावे?

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्यही आहे. अशी कलमे मोजत बसलो तर माणुसकी उरेल काय? रात्री दोन वाजता शेजाऱ्याच्या वडिलांच्या छातीत दुखू लागले, तर परवाना पाहात बसायचे काय? आपण मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलो ती एकमेकांच्या आधाराने. तो आधार कागदांत बुडवायचा काय?

माझे उत्तर असे की अडीअडचणीत गाडी द्यावीच. परंतु घाबरलेल्या माणसाच्या हाती किल्ली देऊ नये. ज्याचे वडील मागच्या सीटवर तळमळत आहेत, तो मुलगा त्या क्षणी सर्वांत वाईट चालक असतो. त्याचे डोळे आरशाकडे आणि मन मागे असते. अनोळखी गाडीचा क्लच कुठे लागतो, दिव्यांचे बटण कुठे आहे, हे शोधायला त्याच्यापाशी सवड नसते. म्हणून पहिला फोन १०८ ला करावा, प्राथमिक उपचार आपण करावे, आणि रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर गाडी आपण स्वतः चालवावी किंवा शांत डोक्याचा, परवानाधारक दुसरा माणूस द्यावा. अपघातातील जखमीला तर मानेचा आणि मणक्याचा विचार न करता मोटारीत कोंबणे अनेकदा अपायकारक ठरते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. खरी माणुसकी गाडीपेक्षा सोबत देण्यात आहे.

उरलेल्या शंभरातल्या नव्वद वेळा गाडी आणीबाणीसाठी मागितली जातच नाही. ती लग्नाला, सहलीला, मुलगी पाहायला, किंवा मित्रमंडळींसह रात्रीच्या जेवणाला हवी असते. तेथे दोन मिनिटे बोलायला पुरेसा वेळ असतो.

देणाऱ्याने परवाना पाहावा. गाडीच्या खोडी मोकळेपणाने सांगाव्यात. नोंदणी, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र चालू आहेत याची खात्री करावी, आणि ती कागदपत्रे मोबाईलवर पाठवावीत. रात्री पार्टीला जाणाऱ्याला किल्ली देऊ नये. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळल्यास तो अपराध आहे, आणि नशेत झालेल्या अपघातात गाडीचे नुकसान विमा कंपनी देत नाही. नाही म्हणायची वेळ आली, तर खोटे कारण सांगू नये. गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे म्हणावे आणि ती संध्याकाळी दारात उभी दिसावी, याने मैत्रीला जितका तडा जातो, तितका स्पष्ट नकाराने जात नाही.

नेणाऱ्याने कोण चालवणार, कुठे जाणार, कधी परत येणार, हे न विचारता सांगावे. निघण्यापूर्वी सीट आणि आरसे आपल्या मापाने लावून, मोकळ्या जागी दोन वेळा ब्रेक दाबून पाहावा. किल्ली तिसऱ्याच्या हाती देऊ नये. टोलचे पैसे मालकाच्या फास्टॅगमधून कापले जातात आणि ई-चलान मालकाच्या मोबाईलवर येते, हे लक्षात ठेवून ते पैसे न मागता द्यावेत. गाडीला ओरखडा आला असेल तर मालकाला तो सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी दिसण्याची वाट पाहू नये. टाकी जितकी भरलेली मिळाली, त्याहून थोडी अधिक भरून परत करावी. बैलाला चारापाणी करून परत करण्याचा जो संकेत होता, त्याचे हे आजचे रूप आहे.

आणि दुर्दैवाने अपघात झालाच, तर गाडीआधी माणूस पाहावा. कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे, आणि कोणत्याही औपचारिकतेची वाट न पाहता त्याच्यावर उपचार करणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे निःसंदिग्धपणे सांगितले होते. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख रकमेविना मिळण्याची तरतूद आहे. ही माहिती आपल्या प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर असावी. त्यानंतर पोलीस, विमा कंपनी आणि गाडीचा मालक या तिघांनाही त्याच दिवशी खरे तेच कळवावे.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. यातल्या कित्येकांना आपल्यासारख्याच कोणा डॉक्टरने शेवटचे तपासले असेल. आकडे वाचून माणूस सुन्न होतो आणि विसरतो. परंतु आपल्या दारातल्या एका गाडीची एक किल्ली आपल्या हातात असते आणि तिच्यापुरता निर्णय पूर्णपणे आपला असतो.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या डॉक्टर मंडळाने या वर्षी एक दिवस ठरवावा. त्या दिवशी सांवेर आणि परिसरातील समाजबांधवांच्या डोळ्यांची, साखरेची आणि रक्तदाबाची तपासणी वाहनचालक म्हणून करावी, आणि प्रत्येकाने आपला परवाना व पॉलिसी सोबत आणावी. आपल्यापैकी विमा आणि कायदा जाणणारे बांधव ती कागदपत्रे पाहतील, आणि आपण माणूस पाहू. फॉर्म १ अ वर तपासल्याशिवाय सही करणार नाही, असा संकल्पही त्याच दिवशी सर्वांनी मिळून करावा. यासाठी मोठा खर्च नाही. लागतो तो थोडा वेळ आणि भीड बाजूला ठेवण्याची तयारी.

मित्राने गाडी मागितली तर द्यावी, आनंदाने द्यावी. परंतु किल्ली हातात ठेवण्यापूर्वी, कोण चालवणार आहे, एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा. खरा मित्र त्या प्रश्नाने दुखावणार नाही. आणि जो दुखावेल, त्याला आपण गाडी न देणेच त्याच्या घरच्यांच्या हिताचे आहे.